ओढण्याची क्षमता आणि थांबवण्याची क्षमता : ट्रेलर-वाहतुकीतील भारमर्यादांचे एक विवेचन

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांचे स्वरूप बदलते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, त्यांवर फाळक्यांच्या वर रचलेल्या मोळ्या, आणि मागून येणाऱ्या वाहनचालकाला पुढचे काहीही न दिसणे, हे दृश्य हिवाळाभर नित्याचे असते. महामार्गावर याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. तेथे लोखंडी गुंडाळ्या, सिमेंट किंवा कंटेनर वाहून नेणारे लांबलचक जोडट्रक धावत असतात. या दोन्ही प्रसंगी 'गाडी किती ओढते?' हा एकच प्रश्न विचारला जातो. गाडीने माल ओढला म्हणजे तेवढा माल तिला झेपतो, असा एक सार्वत्रिक समज त्यामागे आहे.

हा समज चुकीचा आहे आणि तो प्राणघातक ठरतो. वाहनाची भारमर्यादा केवळ इंजिनाच्या शक्तीवरून ठरत नाही. आस, टायर, स्प्रिंगा, सांगाडा, जोडणी आणि ब्रेक या सर्वांतील जो घटक सर्वांत दुर्बल असेल, तो मर्यादा ठरवतो. प्रस्तुत लेखात वाहनाच्या भारमर्यादेशी संबंधित मूलभूत संकल्पना, त्यांमागील भौतिक तत्त्वे आणि भारतातील कायदेशीर तरतुदी यांचा परामर्श घेऊन, ऊस वाहतुकीच्या उदाहरणाच्या आधारे त्यांचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. अभियांत्रिकीची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकासही विषय सुगम व्हावा, या हेतूने गणिती भाग शालेय स्तरापुरता मर्यादित ठेवला आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

मालवाहतुकीच्या व्यवहारात 'पासिंग' हा शब्द रूढ आहे. 'गाडीचे पासिंग किती टनांचे?' असे विचारले की चालक एक आकडा सांगतो. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली अनेक भिन्न मर्यादा दडलेल्या आहेत.

पहिली संकल्पना भाररहित वजनाची. माल नसताना, परंतु वापरासाठी सज्ज असलेल्या वाहनाचे हे वजन होय. दुसरी संकल्पना वाहनाच्या एकूण वजनाची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहन आणि त्यावरील भार मिळून जे वजन नोंदणी प्राधिकाऱ्याने त्या वाहनासाठी अनुज्ञेय म्हणून प्रमाणित व नोंदणीकृत केलेले असते, ते एकूण वजन. व्यवहारात ज्याला 'भरता येणारा माल' म्हणतात, तो या दोन आकड्यांमधील फरक असतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वाहनावर उंच फाळके बसवले किंवा सांगाड्याला जादा लोखंडी कोन जोडले, तर भाररहित वजन वाढते. एकूण वजनाची मर्यादा मात्र तीच राहते. म्हणजेच ट्रेलर 'मजबूत' केल्याने त्यात कायदेशीररीत्या भरता येणारा माल वाढत नाही, उलट घटतो.

तिसरी संकल्पना आसावरील भाराची. एका आसाला, म्हणजे ॲक्सलला, जोडलेल्या सर्व चाकांमार्फत रस्त्यावर जे वजन उतरते, तो आसभार. चौथी संकल्पना जोडवाहनाच्या एकत्रित वजनाची. यात ओढणारे वाहन, ट्रेलर आणि दोन्हींवरील माल यांचा समावेश होतो. भारतातील जड ट्रकांच्या नावांत हा आकडा अनेकदा लपलेला असतो. '५५३०' असे नाव असलेल्या ओढट्रकमधील पहिले दोन अंक ५५ टन एकत्रित वजन सुचवतात व पुढचे दोन अंक सुमारे ३०० अश्वशक्ती सुचवतात. वजन आणि शक्ती या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे उत्पादक नावातच सांगत असतो.

पाचवी संकल्पना जोडणीवरील उभ्या भाराची. अधिनियम ट्रेलर आणि अर्ध-ट्रेलर यांत भेद करतो, तो याच मुद्द्यावर. अर्ध-ट्रेलरचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन वाहते. चारचाकी ट्रेलर आपले बहुतेक सर्व वजन स्वतःच्याच चाकांवर पेलतो. ओढणारे वाहन त्याला केवळ खेचते. एकाच आसाच्या दुचाकी ट्रॉलीत माल मागे सरकला, तर ट्रॉली ओढणाऱ्या वाहनाचा मागचा भाग वर उचलू पाहते व वेगात हेलकावे घेऊ लागते. माल फार पुढे आला, तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट काम देत नाही. अमेरिकेत पिकअप वाहनामागे ट्रेलर जोडणाऱ्यांना, ट्रेलरच्या वजनाच्या साधारणतः १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा, असे सांगितले जाते ते याच कारणाने. तेथे वाहनाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर एकूण वजन व प्रत्येक आसाची मर्यादा छापलेली असते. चालकाला कागद शोधावे लागत नाहीत.

या सर्व मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात. एक मर्यादा पाळली म्हणून दुसरीचे उल्लंघन क्षम्य ठरत नाही.

३. एकूण वजन योग्य, तरीही वाहन अयोग्य

केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये मालवाहू वाहनांच्या आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन, जोडआसाची १९ वरून २१ टन आणि तिहेरी आसाची २४ वरून २७ टन झाली. पुढच्या सुकाणू आसासाठी ती ६ वरून ७ टन करण्यात आली. तीन आसांचा ओढट्रक आणि तीन आसांचा अर्ध-ट्रेलर यांची बेरीज ७ + २१ + २७ अशी ५५ टन होते. पूर्वी हीच बेरीज ६ + १९ + २४ अशी ४९ टन होती.

समजा, अशा जोडवाहनात माल मागच्या बाजूला अधिक रचला. वजनकाट्यावर एकूण वजन बरोबर ५५ टन भरले. परंतु विभागणी ७, १९ आणि २९ अशी झाली. एकूण आकडा निर्दोष दिसतो, तरीही तिहेरी आसावर २ टन जादा आहेत. ज्या काट्यावर संपूर्ण वाहन एकाच वेळी उभे राहते, तो काटा हा दोष दाखवत नाही. आसाआसाने तोल घेतल्यासच तो लक्षात येतो.

हा प्रश्न केवळ वाहनाचा नाही, रस्त्याचाही आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भारवाहू ट्रक चालवून एक विस्तृत चाचणी घेण्यात आली. तीतून आसभार आणि रस्त्याची हानी यांचा स्थूल संबंध पुढे आला. हानी आसभाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आसभार १० टक्क्यांनी वाढला, तर हानी सुमारे दीडपट होते. २० टक्क्यांनी वाढला, तर दुपटीहून थोडी अधिक. आणि दुप्पट झाला, तर सोळापट. भारतातील डांबरी रस्त्यांच्या आराखड्यातही ८,१६० किलोग्रॅमचा प्रमाण आस गृहीत धरून वाहतुकीची मोजणी केली जाते. ग्रामीण रस्ता पहिल्याच हंगामात का उखडतो, याचे एक उत्तर या चतुर्थ घातात आहे.

४. ओढणे सोपे, थांबवणे अवघड

ट्रेलर-वाहतुकीतील सर्वांत मोठा गैरसमज दूर करण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. आकडे स्पष्टीकरणासाठी गृहीत धरलेले आहेत. ट्रॅक्टरचे वजन २ टन, आणि त्यामागे मालासह प्रत्येकी १० टनांचे दोन चारचाकी ट्रेलर आहेत. एकूण वजन २२ टन. ट्रेलरांना ब्रेक नाहीत.

सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवण्यासाठी वजनाच्या साधारण २ टक्के एवढे बल लागते, असे मानू. २२ टनांसाठी ते सुमारे ४४० किलोग्रॅम-भार होते. एवढे बल मध्यम शक्तीचा ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये सहज देतो. म्हणूनच चालकाला आणि मालकाला वाटते, की गाडीला भार जाणवतही नाही. चाक वापरतात ते नेमके याचसाठी. जड वस्तू थोड्या बलाने हलावी म्हणून.

परंतु थांबवताना चाकाची हीच कृपा उलटते. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला आहेत. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.६ धरला आणि ट्रॅक्टरचे संपूर्ण वजन ब्रेकच्या कामी आले असे उदारपणे मानले, तरी ब्रेकचे कमाल बल १.२ टन होते. त्यात चाकांच्या नैसर्गिक रोधाचे ०.४४ टन मिळवले, की एकूण १.६४ टन. या बलाने २२ टन थांबवायचे आहेत. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर सुमारे अडीच मीटरमध्ये थांबेल. हे जोडवाहन मात्र २१ मीटर घेईल. चालकाला धोका उमगून ब्रेक दाबेपर्यंत लागणारे अंतर यात धरलेले नाही.

आता हेच वाहन उतारावर आणू. दर २० मीटरला १ मीटर उतार असेल, तर गुरुत्वाकर्षण वाहनाला १.१ टन बलाने पुढे ओढते. थांबवण्यासाठी उरते ते अवघे ०.५४ टन, आणि थांबण्याचे अंतर ६४ मीटरवर जाते. उतार दर १३ मीटरला १ मीटर एवढा झाला, की पुढे ओढणारे बल १.६९ टन होते. ते उपलब्ध १.६४ टनांहून अधिक आहे. अशा उतारावर ब्रेक कितीही जोरात दाबला, तरी वाहन थांबणार नाही. त्याचा वेग वाढतच जाईल. येथे चालकाचे कौशल्य, अनुभव किंवा सावधपणा यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही, कारण निकाल माल भरतानाच लागलेला असतो.

वस्तुस्थिती या हिशेबाहून कठीण असते. शेतीच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात, त्यामुळे पुढच्या चाकांवरील वजन ब्रेकच्या उपयोगी येत नाही. शिवाय डावे व उजवे ब्रेक स्वतंत्र असतात. शेतात वळण घेताना ही सोय ठरते. परंतु रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडली नाहीत, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. मागचा ट्रेलर ढकलत असताना ट्रॅक्टर किंचितही तिरका झाला, तर जोडणीच्या ठिकाणी वाहन कात्रीसारखे मिटते. चढावर याउलट घडते. जोडणीचा हूक मागच्या आसाच्या मानाने उंच बांधलेला असेल आणि ओढ जास्त असेल, तर पुढची चाके उचलली जातात, आणि ट्रॅक्टर मागे उलटला तर चालकाच्या अंगावर येतो.

५. कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियमातील पुढील तरतुदी या संदर्भात ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कलम ५८ नुसार परिवहन वाहनाची नोंदणी करताना भाररहित वजन, प्रत्येक चाकाच्या टायरांची संख्या, प्रकार व आकार, एकूण वजन आणि निरनिराळ्या आसांचे नोंदणीकृत भार यांची नोंद प्रमाणपत्रात करावी लागते. टायरांचा उल्लेख येथे सहेतुक आहे, कारण टायर बदलला की भार पेलण्याची क्षमता बदलते.

कलम ६१ ट्रेलरच्या नोंदणीसंबंधी आहे. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो. शिवाय ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर, आणि एकाहून अधिक ट्रेलर असल्यास शेवटच्या ट्रेलरवर, प्रदर्शित करणे बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, ट्रॅक्टरचे शेपूट नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनापेक्षा अधिक भार असलेले मोटार वाहन अथवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी चालवणे, चालवायला लावणे किंवा चालवू देणे निषिद्ध आहे. भाररहित वजन प्रमाणपत्रातील आकड्याहून अधिक असणे हेही उल्लंघनच आहे. चालक स्वतः मालक नसेल, तर हे कृत्य मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे गृहीतक महत्त्वाचे आहे, कारण किती माल भरायचा हे बहुधा चालक ठरवत नाही.

कलम ११४ अधिकाऱ्याला वाहनाचे वजन करवून घेण्याचा व जादा माल उतरवण्याचा आदेश देण्याचा अधिकार देते. वजनकाटा वाहनाच्या पुढील मार्गावर १० किलोमीटरच्या किंवा गंतव्यस्थानापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. कलम १९४ मधील दंड १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने वाढला. पूर्वी किमान २,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे १,००० रुपये अशी तरतूद होती; ती २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी झाली. ४ टन जादा भारासाठी पूर्वी ६,००० रुपये दंड होता, तो आता २८,००० रुपये होतो. जादा भार उतरवल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही. वजन करून घेण्यास नकार दिल्यास ४०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

काही राज्यांनी शुल्क घेऊन जादा भाराला परवानगी देणारी 'गोल्ड कार्ड' पद्धत पूर्वी सुरू केली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. पैसे भरून भारमर्यादा ओलांडता येत नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने अधोरेखित केले. परवान्याचा प्रश्नही वजनाशीच निगडित आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवता येते, असा निर्णय दिला. म्हणजे प्रमाणपत्रातील वजनाचा आकडा चालकाची पात्रताही ठरवतो, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तोच आकडा निर्णायक ठरू शकतो.

६. ऊस वाहतूक : मोजलेले, पण न वाचलेले वजन

भारमर्यादांचे उल्लंघन सिद्ध करण्यातील नेहमीची अडचण म्हणजे वजन मोजलेले नसते. ऊस वाहतुकीत मात्र ही अडचण नाही. कारखान्याच्या आवारात शिरताना भरलेले वाहन काट्यावर चढते. गव्हाणीत ऊस उतरवल्यावर रिकामे वाहन पुन्हा तोलले जाते. दोन आकड्यांतील फरक म्हणजे उसाचे वजन, आणि त्यावर शेतकऱ्याचे बिल, तोडणीची मजुरी व वाहतुकीचे भाडे ठरते. म्हणजे प्रत्येक फेरीचे भरलेले आणि भाररहित, अशी दोन्ही वजने हंगामभर नोंदवली जातात. कायद्याला जे दोन आकडे हवे असतात, नेमके तेच! शिवाय हा काटा वाहनाच्या गंतव्यस्थानीच असतो. तरीही हे आकडे नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहण्याची पद्धत सामान्यतः आढळत नाही. वजन पैशासाठी मोजले जाते, सुरक्षिततेसाठी नाही.

याचा दोष एकट्या वाहतूकदाराच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. त्याचे उत्पन्न टनावर अवलंबून असते. ट्रॅक्टर व ट्रेलर बहुधा कर्जाऊ घेतलेले असतात. तोडणी-टोळीला हंगामापूर्वी उचल दिलेली असते. कारखान्यासमोरच्या रांगेत वाहन तासन् तास उभे राहिले, की दिवसाच्या फेऱ्या घटतात. फेऱ्या वाढवता येत नसतील, तर फेरीतील माल वाढवणे हाच मार्ग त्याला दिसतो. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, म्हणून शेतकऱ्यालाही तो तत्काळ उचलला जावा असे वाटते. प्रत्येकाचे वर्तन त्याच्या जागी समजण्याजोगे आहे. आणि सर्वांच्या समजण्याजोग्या वर्तनाचा एकत्रित परिणाम रस्त्यावर येणाऱ्या तिसऱ्याच माणसाला भोगावा लागतो.

हा परिणाम पुष्कळदा धडकेच्या क्षणी सुरू होत नाही. जादा भाराने टायर फुटतो, आस मोडतो किंवा जोडणीची पिन निसटते. ट्रॅक्टर मदत आणण्यासाठी निघून जातो आणि भरलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेला, पुष्कळदा अर्धा रस्त्यावरच, उभा राहतो. त्याला स्वतःची बॅटरी नसते. मागचा दिवा ट्रॅक्टरकडून येणाऱ्या तारेवर अवलंबून असतो, आणि लोंबणाऱ्या उसाने परावर्तक झाकलेले असतात. अंधार पडल्यावर दुचाकीवरून येणाऱ्याला समोर काही आहे हे कळते, तेव्हा अंतर उरलेले नसते. ग्रामीण महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थी याच रस्त्यांनी, याच हंगामात, दुचाकीवरून ये-जा करतात. भारमर्यादेचा प्रश्न म्हणून आपल्या वर्गखोलीपासून फार दूरचा नाही.

७. उपाययोजना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

अ) कारखान्याच्या संगणकीकृत काट्यावर प्रत्येक ट्रॅक्टर व ट्रेलरचे नोंदणीकृत एकूण वजन आधीच भरून ठेवावे. काट्याच्या पावतीवर प्रत्यक्ष वजनाशेजारी अनुज्ञेय वजनही छापले जावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही.

आ) वाहतूक करारात अनुज्ञेय मर्यादेपुढील टनांना भाडे न देण्याची अट असावी, त्याचबरोबर रांगेतील प्रतीक्षा कमी करण्याची जबाबदारी कारखान्याने घ्यावी. एक अट दुसरीविना टिकणार नाही.

इ) ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. चौथ्या विभागातील गणितात ट्रेलरांचे वजनही ब्रेकच्या कामी आले, तर थांबण्याचे अंतर पुन्हा एकट्या ट्रॅक्टरच्या अंतराजवळ येते.

ई) प्रत्येक ट्रेलरच्या बाजूवर भाररहित व एकूण वजन ठळक मराठी अंकांत रंगवावे, म्हणजे चालक, मुकादम आणि वाटसरू यांना ते सारखेच वाचता येईल.

उ) राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमेसोबत नोंदणी प्रमाणपत्र वाचायला शिकवण्याचा उपक्रम घ्यावा. भौतिकशास्त्र, वाणिज्य आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा असा प्रकल्प सहज उभा राहू शकतो.

८. निष्कर्ष

वाहनाची भारमर्यादा ही शासनाने लादलेली मनमानी संख्या नाही. आस, टायर, जोडणी आणि ब्रेक यांच्या सामर्थ्याचा तो लेखी जबाब आहे. इंजिन ओढू शकते त्याहून कमी वजनाची मर्यादा का घातली जाते, याचे उत्तर उतारावर मिळते. परंतु तेथे ते उशिरा मिळते. ऊस वाहतुकीच्या बाबतीत आवश्यक ती माहिती दररोज काट्याच्या पावतीवर उपलब्ध आहे. ती पावती आणि नोंदणी प्रमाणपत्र शेजारी ठेवून वाचणे, एवढेच करायचे राहिले आहे.